शीतप्रदेशांतील नगररचना : ऊन, वारा आणि वाटसरू

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात बहुधा शिक्षण, शिष्यवृत्त्या, वसतिगृह अशा जिव्हाळ्याच्या प्रश्नांवर व्याख्याने होत आली आहेत. त्याच व्यासपीठावरून बर्फाच्या मुलखातील शहरांविषयी बोलण्याची मुभा चालकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय दूरचा आहे म्हणून आपणांपैकी कोणास डुलकी लागली, तर मी राग मानणार नाही. तथापि तो वाटतो तितका परका आता राहिलेला नाही. आपल्यातील कित्येक घरांची मुलेमुली आज कॅनडात किंवा युरोपच्या उत्तरेकडील देशांत नोकरीस आहेत, आणि त्यांच्याकडे एखादा हिवाळा काढून आलेल्या आईवडिलांच्या तोंडून एकच तक्रार ऐकू येते. घर उबदार असते, लेक-सून मनापासून करतात, खाण्यापिण्याची ददात नसते. परंतु नोव्हेंबर लागला की दार बंद होते ते एप्रिलपर्यंत. सकाळची रपेट, कोपऱ्यावरचे दुकान, ओळखीच्या माणसाशी उभ्या उभ्या दोन शब्द, हे सारे थांबते. हा दोष थंडीचा, असे ती मंडळी समजतात. माझे म्हणणे असे की थोडा दोष थंडीचा आहे आणि पुष्कळसा शहर बांधणाऱ्यांचा.

कारण थंडी ही एकटी क्वचितच असह्य होते. योग्य कपडे घातलेला मनुष्य, ऊन अंगावर असेल आणि वारा नसेल, तर शून्याखाली पाच-सात अंशांतही बाकावर बसून गप्पा मारू शकतो. हाच मनुष्य सावलीत आणि वाऱ्यात दोन मिनिटे उभा राहू शकत नाही. म्हणजे तपमापकातील पारा वर चढविणे नगररचनाकाराच्या हाती नसले, तरी ऊन आणि वारा या दोहोंचा हिशेब त्याच्याच हाती असतो. तो हिशेब त्याने केला नाही, तर निसर्गाने दिलेली थंडी तो आपल्या नकाशाने दुप्पट करून ठेवतो.

प्रथम उन्हाचा विचार करू. आपण उन्हापासून पळणारी माणसे. आपले वाडे, आपल्या ओसऱ्या, आपले बोळ हे सावलीसाठी बांधलेले. तिकडे नेमके उलट. मुंबईस २१-२२ डिसेंबरच्या, म्हणजे वर्षातील सर्वांत लहान दिवसाच्या, भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंश वर असतो. दहा मीटर उंचीच्या भिंतीची सावली तेव्हा साधारण नऊ मीटर पडते. कॅनडातील एडमंटन हे शहर साडेत्रेपन्न अक्षांशांवर आहे. तेथे त्याच दुपारी सूर्य अवघा तेरा अंश वर येतो, आणि त्याच दहा मीटर भिंतीची सावली त्रेचाळीस मीटरपर्यंत पसरते. तीन मजली इमारत समोरचा सबंध रस्ता, पलीकडचा पदपथ आणि त्यापलीकडचे अंगण एवढे सारे काळोखात टाकते. ही शाळकरी त्रिकोणमिती आहे. परंतु तिच्याकडे दुर्लक्ष करून बांधलेले चौक उत्तरेकडील शहरांत ठिकठिकाणी सापडतात. उत्तर बाजूस उंच इमारती आणि दक्षिण बाजूस बुटक्या, हा साधा क्रम पाळला असता तर ज्या चौकात दुपारी माणसे उन्हाला बसली असती, तेथे हिवाळाभर गोठलेले कारंजे आणि रिकामी बाके दिसतात.

आता वारा. हवामानखाते 'वाऱ्याची थंडी' म्हणून एक आकडा वर्तविते. कॅनडाने २००१ साली त्याचे नवे सूत्र स्वीकारले. त्या सूत्राप्रमाणे तपमान उणे पंधरा असताना ताशी तीस किलोमीटर वारा सुटला, तर उघड्या कातडीस ते उणे सव्वीसाप्रमाणे लागते. नगररचनेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की केवळ आडोसा देऊन एखाद्या गल्लीत अकरा अंशांचा फरक पडल्यासारखे वाटू शकते, आणि तोही कोळसा न जाळता. उलट, मोकळ्या जागी एकच उंच सरळ मनोरा उभा केला की वरच्या थरातील वेगवान वारा त्याच्या भिंतीवर आपटून खाली घसरतो आणि पायथ्याशी, बरोबर प्रवेशद्वारासमोर, त्याचा झोत तयार होतो. यावर उपाय फार गहन नाहीत. मनोऱ्याच्या पायथ्याशी दोन-तीन मजल्यांचा रुंद ओटा काढावा, म्हणजे झोत रस्त्यावर न उतरता त्याच्या छतावर अडतो. वाऱ्याच्या दिशेस सूचिपर्णी वृक्षांची रांग लावावी. ही रांग भिंतीसारखी घट्ट नसावी. घट्ट भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवरे करतो. विरळ रांगेतून थोडा गाळून जातो आणि झाडांच्या उंचीच्या दसपट अंतरापर्यंत मंद राहतो. दक्षिणेस मात्र पानगळीचे वृक्ष हवेत: हिवाळ्यात त्यांच्या फांद्यांतून ऊन येते, आणि उन्हाळ्यात, कारण तिकडेही उन्हाळा असतो व अलीकडे चांगला कडक असतो, तीच झाडे सावली देतात.

या शास्त्राचा एक फार जुना आणि सुंदर नमुना स्वीडनच्या अगदी उत्तरेस किरुना या गावी आहे. आहे म्हणण्यापेक्षा होता, असेच आता म्हणावे लागेल, त्याकडे मी शेवटी येईन. ध्रुववृत्ताच्या पलीकडे लोहखनिजासाठी १९०० साली वसविलेले हे गाव. त्याचा आराखडा पेर ओलोफ हालमान यांनी केला. त्यांनी रेघपट्टी घेऊन चौकटी आखल्या नाहीत. गाव टेकडीच्या उतारावर ठेवले, म्हणजे जड झालेली थंड हवा रात्री खाली दरीत उतरून जाईल. रस्ते उताराच्या वळणाने वळविले, म्हणजे वाऱ्याला सरळ धावायला लांब वाट मिळणार नाही. यंत्रे, गणकयंत्रे काही नसताना, केवळ जमीन पायी तुडवून आणि डोळे उघडे ठेवून केलेले हे काम आहे.

पुढे याच प्रदेशात राल्फ अर्स्किन या वास्तुशास्त्रज्ञाने आपली हयात घालविली. जन्माने इंग्रज, १९१४ सालचा. १९३९ साली तो स्वीडनला गेला आणि तिथलाच झाला. उत्तरेत बांधलेले घर दक्षिणेतील घराची नक्कल असू नये, त्याने थंडीला स्वतःचे उत्तर द्यावे, हा त्याचा आग्रह. इमारतींचे कोपरे त्याने गोल केले, म्हणजे वारा अडखळणार नाही. सज्जे मुख्य भिंतीपासून वेगळे टांगले, म्हणजे आतील ऊब त्यांच्यावाटे निसटणार नाही. शिवाय लांबलचक इमारत वाऱ्याच्या बाजूस तटासारखी उभी करून तिच्या आडोशाला लहान घरे वसवावीत, ही कल्पना त्याने हिरिरीने मांडली. तिचे सर्वांत पूर्ण रूप त्याच्या हातून झाले नाही. ते कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, फेर्मों या खाणगावी, १९७० नंतरच्या दशकात नॉर्बर्ट शोनावर आणि मॉरिस देन्वाये यांनी उभे केले. तेथील 'भिंत' म्हणजे सुमारे एक किलोमीटर तीनशे मीटर लांबीची, पाच मजल्यांपर्यंत उंच अशी एकच इमारत. तिच्यातच बिऱ्हाडे, दुकाने, शाळा आणि उपाहारगृहे. उत्तरेकडून येणारा वारा ती अंगावर घेते, आणि तिची सावली घरांच्या विरुद्ध बाजूस पडते. आपल्याकडील किल्ल्यांचे तट शत्रूसाठी होते, हा वाऱ्यासाठी.

परंतु एवढ्याने हुरळून जाऊ नये. स्वाप्पावारा या दुसऱ्या खाणगावी अर्स्किनने बांधलेली अशीच लांब इमारत, गाव ओसरल्यावर, बऱ्याच अंशी पाडून टाकावी लागली. वारा अडविणारी भिंत माणसांना धरून ठेवू शकत नाही. त्यासाठी गावात काम असावे लागते.

अर्स्किनच्याच नावावर दुसरीही एक गोष्ट आहे, आणि तिच्यातून अगदी निराळा मार्ग निघाला. १९५५ साली लुलेओ या शहरी त्याने छपराखालचा बाजार बांधला; जगातील पहिल्या बंदिस्त बाजारगृहांत त्याची गणना होते. बाहेर थंडी आहे ना, मग रस्ताच घरात घेऊ, हा तो विचार. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे १९६२ साली इमारतीपासून इमारतीपर्यंत काचेचे पूल टाकण्यास आरंभ झाला. मॉन्ट्रियलमध्ये त्याच साली पुऱ्या झालेल्या प्लास व्हिल मारीपासून भूमिगत वाटांचे जाळे सुरू झाले आणि पुढे भुयारी रेल्वेशी जोडले गेले. कॅलगरीने १९७० पासून रस्त्याच्या सुमारे पंधरा फूट वर पुलांची मालिका बांधली. तिचे नावच 'प्लस फिफ्टीन'. सोयीच्या दृष्टीने पाहिले तर यांत खोट काढणे कठीण. कचेरीतला मनुष्य डगला न घालता जेवणास जातो, बँकेत जातो, परत येतो.

मग आक्षेप कशाला? आक्षेप असा की रस्ता ही सार्वजनिक वस्तू आहे आणि इमारतीमधील वाट ही खाजगी मालकीची. कचेऱ्या सुटल्या की पुष्कळ ठिकाणी ती वाट बंद होते. ज्याच्या अंगावरचे कपडे मळके आहेत, ज्याला काही विकत घ्यायचे नाही, ज्याला केवळ ऊब हवी आहे, त्याला तेथील पहारेकरी उठवू शकतो. आणि वर किंवा खाली चालणारी माणसे रस्त्यावरून वजा होतात. दुकाने त्यांच्या मागे आत जातात. रस्ता ओस पडतो. ओस रस्त्यावर चालायला स्त्रिया कचरतात. म्हणून आणखी माणसे आत जातात. थंडीवर शोधलेला उपाय अशा रीतीने बाहेरची थंडी अधिक एकाकी करतो.

या वादाचा सर्वांत बोलका दाखला विनिपेगचा. तेथे जानेवारीचे सरासरी तपमानच उणे सोळा अंशांच्या आसपास असते. पोर्टेज आणि मेन या दोन हमरस्त्यांचा छेद हा त्या शहराचा नाक्याचा नाका, आणि झोंबऱ्या वाऱ्यासाठी साऱ्या देशात प्रसिद्ध. नगरपालिकेने तेथील विकासकांशी करार केला, चौकाखाली भूमिगत बाजार निघाला, आणि १९७९ साली चारही कोपऱ्यांवर सिमेंटचे कठडे घालून पादचाऱ्यांना रस्ता ओलांडण्यास मनाई करण्यात आली. मोटारींना वाट मोकळी, दुकानांना गिऱ्हाईक. चाकाच्या खुर्चीतील मनुष्यास मात्र समोरच्या पदपथावर जाण्यासाठी उद्वाहन शोधत खाली उतरायचे आणि पुन्हा वर यायचे. २०१८ साली या प्रश्नावर जनमत घेतले गेले, तेव्हा सुमारे पासष्ट टक्के मतदारांनी कठडे राहू द्यावेत असाच कौल दिला. आम्ही नगररचनावाले लोक अशा वेळी जनतेस अडाणी म्हणून मोकळे होतो. ते योग्य नव्हे. रोज मोटारीने त्या चौकातून जाणाऱ्या माणसाने आपला खोळंबा मोजला, यात वावगे काय? पुढे तत्त्वाने जे साधले नाही ते गळतीने साधले. भूमिगत बाजाराच्या छतावरील जलरोधक थर जीर्ण झाला. तो बदलावयाचा तर चौक वर्षानुवर्षे खणून ठेवावा लागणार आणि कोट्यवधी डॉलर लागणार, असे दिसून आले. तेव्हा मार्च २०२४ मध्ये नगरसभेने निर्णय फिरविला, आणि २७ जून २०२५ रोजी, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनंतर, माणसे पुन्हा त्या चौकातून पायी पलीकडे गेली.

त्याच कॅनडातील एडमंटनने थोडा निराळा पवित्रा घेतला आहे. हिवाळा ही आपत्ती न मानता आपली मालमत्ता मानावी, असे धोरण त्या शहराने २०१२ साली ठरविले आणि २०१६ मध्ये रचनेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वारा अडवा, ऊन मिळवा, रंग वापरा, प्रकाशाची योजना विचाराने करा, आणि हिवाळ्यातील वावरास लागणारी साधने पुरवा, एवढाच त्यांचा गाभा. यात रंगाचा उल्लेख पाहून प्रथम मलाही मौज वाटली होती. परंतु पाच महिने सारे पांढरे आणि करडे दिसत असता, एखाद्या भिंतीचा शेंदरी किंवा हळदी रंग डोळ्यांना किती आधार देतो, हे त्या प्रदेशातील लोकच सांगू शकतील. प्रकाशाचेही तसेच. हिमावरून उजेड परावर्तित होतो, म्हणून प्रखर दिव्यांची गरज नसते; माणसाच्या उंचीवरचे, पिवळसर छटेचे मंद दिवे पुरतात, आणि त्यांत चेहरे दिसतात. कोपनहेगनमध्ये १९६२ साली मुख्य बाजाररस्ता मोटारींना बंद केला, तेव्हा आपल्या हवेत लोक रस्त्यावर बसणार नाहीत, हे काही इटली नव्हे, असे अनेकांनी बजावले होते. आज तेथील उपाहारगृहांबाहेर खुर्चीखुर्चीवर घोंगडी ठेवलेली असते आणि लोक गारठ्यातही बाहेर बसतात. जपानमधील साप्पोरोची कथा तर आणखी साधी आहे: १९५० साली शाळकरी मुलांनी एका उद्यानात हिमाच्या सहा मूर्ती केल्या, त्यातून वाढलेला उत्सव आता लाखोंना खेचतो.

उत्सव वर्षातून एकदा असतो. पदपथ रोज लागतो. म्हणून आता फावड्याकडे वळू. मराठीत हिम आणि बर्फ यांत आपण फारसा भेद करीत नाही, तिकडच्या नगरपालिकेला तो करावाच लागतो, कारण भुसभुशीत हिमातून वाट काढता येते, पण ते तुडवून, वितळून, पुन्हा गोठून झालेला काचेसारखा बर्फ हाडे मोडतो. हिम पडले की प्रथम काय साफ करायचे? पिढ्यान्पिढ्या उत्तर एकच होते: हमरस्ते, मग लहान रस्ते, सवड झाली तर पदपथ. स्वीडनमधील कार्लस्कूगा या गावाने २०११ च्या सुमारास हा क्रम स्त्री-पुरुष समतेच्या कसोटीवर तपासला. हे हिमाचे फावडे आणि समता यांचा काय संबंध, असे तेथेही लोक हसले. पण तपासता दिसले ते असे की मोटारीने कामावर जाणारे बहुतांशी पुरुष, आणि पायी, सायकलने किंवा बसने जाणाऱ्या, वाटेत मुलाला बालवाडीत सोडणाऱ्या बहुतांशी स्त्रिया. चार बोटे हिमातून मोटार निघून जाते, बाबागाडी अडते. क्रम उलटा केला, पदपथ आणि बालवाड्यांच्या वाटा आधी घेतल्या. खर्च वाढला नाही. मला स्वतःला या साऱ्या विषयातील हा सर्वांत मोलाचा शोध वाटतो, कारण त्यासाठी एक वीटही रचावी लागली नाही. फिनलंडमधील औलू येथे, पासष्ट अक्षांशांवर, लोक हिवाळाभर सायकल चालवितात. सायकलवाटेवरचे हिम तेथे दाबून खरखरीत केले जाते आणि मुख्य वाटा सकाळची वर्दळ सुरू होण्यापूर्वी तयार असतात. २०१३ साली हिवाळी सायकलवाल्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद तेथेच भरली. आइसलँडच्या राजधानीत घरे तापवून परतलेले भूगर्भातील गरम पाणी पदपथांखालून खेळवितात. ते भाग्य सर्वांचे नाही.

नव्या काळाने यात एक नवीच अडचण घातली आहे. हिवाळा पूर्वीसारखा भरवशाचा राहिला नाही. ओटावा येथील रिडो कालवा १९७१ च्या जानेवारीपासून दर हिवाळ्यात गोठल्यावर नागरिकांसाठी खुला होई. पावणेआठ किलोमीटरांहून अधिक लांबीच्या त्या बर्फावरून मुले शाळेला आणि कारकून कचेरीला घसरत जात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तो एक दिवसही उघडता आला नाही. त्या वाटेच्या इतिहासातील ही पहिलीच वेळ. थंडी कमी झाली म्हणजे सुख झाले, असा हिशेब येथे चुकतो. तपमान शून्याच्या वरखाली हेलकावू लागले की दिवसा चिखल आणि रात्री काच. म्हणून आज ज्याला जुळवून घेणारी रचना म्हणतात, तिला उणे तीसही सोसावे लागते, मध्येच पडणारा पाऊसही, आणि जुलैचे तीस अंशांचे ऊनही. पाणी साचू न देणारा उतार, हिमाचे ढीग ठेवण्यास राखलेली आणि उन्हाळ्यात हिरवळ होणारी जागा, काढता-घालता येणारे आडोसे, अशा गोष्टींना भव्य इमारतींहून अधिक किंमत आली आहे.

आता किरुनाकडे. ज्या खनिजासाठी ते गाव वसले, त्याच खनिजाची शीर गावाखाली गेलेली आहे. उत्खनन पुढे सरकले तशी जमीन खचू लागली, आणि गाव हलवावे लागणार हे २००४ साली जाहीर झाले. सुमारे सहा हजार माणसांनी घर बदलायचे. नवे गाव तीन किलोमीटर पूर्वेस. त्याच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली, २०१३ मध्ये निकाल लागला, २०१८ मध्ये नवे नगरभवन उघडले, आणि १९१२ सालचे लाकडी चर्च, सुमारे पावणेसातशे टन वजनाचे, १९ आणि २० ऑगस्ट २०२५ या दोन दिवसांत चाकांवर चढवून पाच किलोमीटर दूर नेले गेले. साऱ्या जगाने ते दृश्य पाहिले आणि यंत्रशास्त्राचे कौतुक केले. ते रास्तच होते. परंतु त्याच वर्षी संशोधकांनी दुसरीही एक गोष्ट निदर्शनास आणली. नवी जागा टेकडीच्या उतारावर नसून खोलगट आहे. थंड हवा तेथे येऊन साचते. रस्ते पुष्कळसे सरळ आहेत, इमारती दाट आणि उंच आहेत, त्यामुळे वाऱ्याला वाट मिळते आणि वसंतातील खालून येणारे ऊन रस्त्यावर पोचत नाही. हालमानचे जुने गाव याहून उबदार होते. नव्या आराखड्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे: दुकाने, कचेऱ्या, घरे परस्परांना लागून आहेत, चालण्याचे अंतर कमी आहे, आणि सूर्य जेव्हा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत उगवतच नाही, तेव्हा दिव्यांनी उजळलेला जवळचा चौक ही लहान सोय नव्हे. जागेची निवडही सर्वस्वी रचनाकारांच्या हाती नव्हती. एकीकडे खाण, दुसरीकडे सामी लोकांच्या रेनडिअर कळपांच्या वाटा, अशी ती कोंडी होती.

घरे अजून हलत आहेत. हालमानच्या वळणदार रस्त्यांपैकी काही कुंपणाआड गेले असून तेथे आता कोणास जाता येत नाही. नव्या गावी लावलेली झाडे लहान आहेत. त्या अक्षांशावर ती वारा अडविण्याइतकी वाढण्यास कित्येक दशके लागतील. तोवर तेथील नगरपालिकेस लाकडी आडोसे आणि काचेच्या ओसऱ्या यांवर भागवावे लागेल.